बकासुराला निदान भूक तरी होती

प्रिमच्या नावाची चिठ्ठी त्या काचेच्या गोळ्यात एकच होती. एकच! तिच्या मोठ्या बहिणीच्या, कॅटनिसच्या नावाच्या २० होत्या, आणि शेजारी मुलांच्या गोळ्यात कॅटनिसचा शिकारीतला दोस्त गेल, त्याच्या ४२. निघाली कुणाची तर प्रिमची, बारा वर्षांच्या पोरीची, जिचं नाव त्या वर्षी पहिल्यांदाच आत पडलं होतं.

'द हंगर गेम्स' ज्यांनी वाचलंय किंवा पिक्चर पाहिलेत त्यांना हे पाठ असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, आणि आधीच सांगून ठेवते की मी तिन्ही भागांचा शेवट फोडणार आहे, नंतर मला बोलायचं नाही. उत्तर अमेरिकेच्या जागी पुढे कधीतरी पॅनेम नावाचा देश आहे, डोंगरात वसलेली श्रीमंत राजधानी कॅपिटॉल, आणि तिला धान्य-कोळसा-कापड पुरवणारे १२ डिस्ट्रिक्ट. पूर्वी एक बंड झालं होतं, त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून उचलायची, अशा २४ जणांना मैदानात सोडायचं, एकच उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं आणि अख्ख्या देशानं ते टीव्हीवर बघायचं. बघायची सक्ती आहे. सुझॅन कॉलिन्स या अमेरिकन बाईंनी लिहिलेला पहिला भाग सप्टेंबर २००८ मध्ये आला, मग २००९ आणि २०१० ला पुढचे दोन.

कॉलिन्सबाईंनी सांगितलंय की मूळ कल्पना ग्रीकांच्या थीसियसच्या गोष्टीवरून आली, त्यात अथेन्सची पोरं राक्षसाला पाठवायची असतात. आपण मराठी माणसं मात्र हे वाचताना सरळ बकासुराकडे जातो. गाडाभर भात, दोन रेडे, एक माणूस, आणि घराघराची पाळी. शिवाय दुसऱ्याच्या जागी मी जातो म्हणणारा भीमही तिथे आहे, जसं इथे प्रिमच्या जागी कॅटनिस उभी राहते. पण दोन गोष्टींत फरक आहे आणि सगळं पुस्तक त्या फरकात आहे असं मला वाटतं. एक म्हणजे एकचक्रा नगरीत प्रत्येक घराची पाळी एकदाच यायची, गरिबाची जास्त आणि श्रीमंताची कमी असा प्रकार नव्हता. आणि दुसरं, बकासुराला निदान भूक तरी होती. कॅपिटॉलला भूक नाही, त्यांचं पोट इतकं भरलेलं आहे की त्यांना ते रिकामं करायला औषध लागतं. (त्या औषधाकडे येते मी, थांबा.)

तर त्या २० आणि ४२ चिठ्ठ्या. नियम असा की बाराव्या वर्षी तुझी एक चिठ्ठी सक्तीची, तेराव्या वर्षी दोन, असं वाढत जाणार. पण घरात खायला नसेल तर तू आपणहून जास्तीची चिठ्ठी टाकू शकतोस, तिच्या बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल इतकं धान्य आणि तेल मिळतं, याला टेसेरा म्हणतात. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं एक टेसेरा घेता येतो आणि या चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात, पुसल्या जात नाहीत. कॅटनिस बाराव्या, म्हणजे कोळशाच्या डिस्ट्रिक्टची, ती अकरा वर्षांची असताना बाप खाणीतल्या स्फोटात गेला, आई अंथरुणाला खिळल्यासारखी झाली, म्हणून ही पोरगी बाराव्या वर्षापासून दरसाल स्वतःसाठी, आईसाठी आणि प्रिमसाठी असे तीन टेसेरे घेते. एक अधिक तीन, गुणिले पाच वर्षं, झाल्या २०. गेलच्या घरात पाच तोंडं, तो १८ वर्षांचा, हिशेब करून बघा, बरोबर ४२ येतात. कुणी जबरदस्ती केलेली नाही बरं का. सही तुझी, धान्य तुझं, मर्जी तुझी.

माझ्या आईला इंग्लिश येत नाही. ती बहात्तरच्या दुष्काळात अकरा-बारा वर्षांची होती, आजी-आजोबा खडी फोडायच्या कामावर जायचे आणि घरात रेशनवरची मिलो यायची, अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, तिची भाकरी कशी व्हायची ते आई अजून तोंड वाकडं करून सांगते. तिला मी भाजी निवडता निवडता टेसेराचा नियम सांगितला, बाकी गोष्ट काहीच नाही, फक्त नियम. ती म्हणाली, म्हणजे दाणे उधार अन पोर गहाण. आणि परत मेथीकडे वळली. मी या पुस्तकावर इंग्लिशमध्ये जे काय लांबलचक वाचलंय त्यात एवढ्या कमी शब्दांत कुणी सांगितलेलं नाही.

आता प्रश्न असा की एवढं टेसेराचं यंत्र उभं केल्यावर लेखिकेनं चिठ्ठी प्रिमचीच का काढली? गरिबाला जास्त धोका हेच दाखवायचं होतं तर गेलचं नाव काढायचं, सरळ हिशेब. बऱ्याच जणांना ही कथेची सोय वाटते, म्हणजे बहिणीसाठी त्याग वगैरे दाखवायला. मला तसं वाटत नाही. लॉटरी पचते ती अपवादांमुळे. बेचाळीसवाल्याचंच नाव दरवर्षी निघत राहिलं तर लोकांना दिसेल ना की हा खेळ नाही, ही गरिबांची उचलाउचल आहे. अधूनमधून एका चिठ्ठीवाली पोरगी निघाली की सगळे म्हणायला मोकळे, बघा, नशीब कुणाला सोडत नाही.

याच्या थोडंसं आधी एक सीन आहे, दोन पानांचा असेल, पिक्चरमध्ये तो ठेवलाच नाही, मॅज हे कॅरेक्टरच पिक्चरमधून काढून टाकलं. चिठ्ठ्या काढायच्या दिवशी सकाळी गेल आणि कॅटनिस मेयरच्या घरी मागच्या दारानं स्ट्रॉबेऱ्या विकायला जातात. मेयरची मुलगी मॅज दार उघडते, पांढरा भारीतला ड्रेस, केसांत रिबिन, छातीला सोन्याची पिन. गेल तिला टोमणा मारतो की तुला कसली भीती, तुझ्या असून असून किती असतील, पाच? मी बारा वर्षांचा होतो तेव्हाच माझ्या सहा होत्या. मॅजचा चेहरा मिटतो, ती पैसे हातात देते, दार बंद. कॅटनिस म्हणते यात तिची काय चूक. आणि गेल म्हणतो, कुणाचीच नाही, हे असंच आहे.

हा सीन मला फार आवडतो कारण यात गेलचं गणित शंभर टक्के बरोबर आहे आणि तरीही काहीतरी चुकलंय, काय चुकलंय ते मात्र आपल्याला दुसऱ्या भागात कळतं. मॅजची ती सोन्याची पिन तिच्या मावशीची होती. पंचवीस वर्षांपूर्वी ती मावशी याच खेळात मेली. दुकानदाराच्या घरातली मुलगी, म्हणजे टेसेरे घ्यायची वेळ न आलेली. मॅजची आई जुळ्या बहिणीच्या जाण्यानं कायमची डोकं धरून अंधाऱ्या खोलीत पडलेली असते. हे गेलला माहीत नसतं, कॅटनिसलाही नसतं, ती तर मॅजच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं शाळेत डबा खातेय. टेसेराचं खरं काम हेच आहे, खाणवाल्यांच्या वस्तीतल्यांनी बाजारातल्यांचा द्वेष करायचा, बाजारातल्यांनी मनातल्या मनात हुश्श म्हणायचं, आणि दोघांनी मिळून कॅपिटॉलकडे बघायचंच नाही. पुस्तकात गेल स्वतःच हे रानात ओरडून ओरडून कॅटनिसला सांगत असतो. पण माहीत असणं वेगळं आणि समोर नवा ड्रेस घातलेली पोरगी उभी असताना तोंड आवरणं वेगळं.

आता हे सगळं मी का लिहितेय. माझी भाची, दादाची मुलगी, नववीत आहे. तिला मी हे तिन्ही भाग दिले म्हणून दादा माझ्यावर नाराज आहे. त्याचं म्हणणं, पोरंपोरं एकमेकांना भोसकतात असलं कशाला वाचायला देतेस, वयाला शोभेल असं काहीतरी दे. हे त्याच्या एकट्याचं म्हणणं नाही हे मला मान्य आहे. अमेरिकेत ग्रंथालयांची संघटना दरवर्षी यादी काढते, कुठली पुस्तकं शाळा-लायब्ररीतून काढा अशा सगळ्यात जास्त तक्रारी आल्या त्याची, त्यात हे २०१०, २०११ आणि २०१३ ला पहिल्या दहांत होतं. आणि दुसऱ्या बाजूला भाचीच्या मैत्रिणी, त्यांचा एकच विषय, टीम पीटा (कॅटनिसबरोबर तिच्याच डिस्ट्रिक्टमधून मैदानात गेलेला मुलगा) की टीम गेल.

मला दोघांशीही भांडायचंय. दादाला वाटतं पुस्तक मारामारीचं आहे, मुलींना वाटतं लव्ह ट्रँगल आहे, आणि मला वाटतं हे पहिल्यापासून शेवटपर्यंत पावाचं पुस्तक आहे. देशाचं नावच बघा ना, पॅनेम, लॅटिनमधल्या पाव या शब्दावरून. रोमन कवी जुव्हेनल म्हणाला होता की लोकांना पाव आणि तमाशे दिले की ते बाकी काही मागत नाहीत. पीटा बेकरीवाल्याचा मुलगा. अकरा वर्षांची कॅटनिस पावसात त्यांच्या बेकरीमागचे कचऱ्याचे डबे उचकत असते तेव्हा तो मुद्दाम दोन पाव विस्तवात पाडून करपवतो, त्यासाठी आईचा मार खातो, आणि ते तिच्याकडे फेकतो. ती ते गरमागरम पाव शर्टाखाली छातीशी धरून घरी पळते, चटका बसतो तरी सोडत नाही. मग पुढे रू. अकराव्या डिस्ट्रिक्टची, बारा वर्षांची, शेतीवाल्यांची पोर, तिचे लोक अख्ख्या देशाचं धान्य पिकवतात आणि तोडणीच्या वेळी तोंडात काही टाकलं तर फटके खातात. मैदानात कॅटनिस तिला पक्ष्याची भाजलेली तंगडी देते तर ती चकित, आख्खी तंगडी तिच्या एकटीच्या वाट्याला आयुष्यात आली नव्हती. असलं वाक्य वाचल्यावर तलवारीच्या सीनचं काय सांगता.

(रूवरून आठवलं, पुस्तकात तिचा रंग स्पष्ट गडद तपकिरी लिहिलेला आहे, तरी २०१२ ला पिक्चर आला तेव्हा ती कृष्णवर्णीय का दाखवली म्हणून ट्विटरवर काही चाहत्यांनी गोंधळ घातला. पुस्तक डोक्यावर घेणारेच हे. वाचतात म्हणजे नक्की काय करतात कोण जाणे.)

रू मेल्यावर तिच्या डिस्ट्रिक्टकडून कॅटनिसला एक पाव येतो. मैदानात बाहेरून भेटी येतात तसा चांदीच्या रंगाच्या छोट्या पॅराशूटला बांधलेला, काळसर, चंद्रकोरीच्या आकाराचा, वर बिया लावलेल्या. त्या उपाशी लोकांनी वर्गणी काढून घेतलेला, बहुतेक रूसाठीच ठरवलेला, पण ती गेली म्हणून परत न घेता परक्या पोरीला दिलेला. हे पॅराशूट लक्षात ठेवा.

आता ते औषध. दुसऱ्या भागात, एकच उरायचा नियम असूनही दोघं जिंकून आलेल्या कॅटनिस आणि पीटाला कॅपिटॉलमध्ये प्रेसिडेंट स्नोच्या वाड्यावर मेजवानी असते. पदार्थांवर पदार्थ, कॅटनिस ठरवते प्रत्येकाचा एकच घास घ्यायचा तरी दहाव्या टेबलाच्या आसपास तिचं पोट भरतं. तेवढ्यात तिची प्रेप टीम येते, म्हणजे तिचा मेकअप-केस-नखं करणारी तिघं जणं, ऑक्टाव्हिया, फ्लेव्हियस आणि व्हेनिया. खात का नाहीस? पोट भरलं. तिघं खो खो हसतात. मग तिला एका टेबलाकडे नेतात, तिथे छोटे छोटे ग्लास, ते प्यायलं की ओकारी होते, पोट रिकामं, परत खायला मोकळे, सगळेच करतात, नाहीतर मजा कशी येणार. पीटा ग्लास अलगद खाली ठेवतो. तिकडे घरी त्यांच्या वस्तीतली पोरं भुकेनं मरतात, आणि वर दाखल्यावर दुसरंच कारण लिहितात.

इथे कुणालाही वाटेल की ही माणसं नरकात जावीत. मलाही वाटलं. आणि मग तिसरा भाग येतो.

तिसरा भाग लोकांना आवडत नाही. हळू आहे, उदास आहे, हिरॉइन अर्धा वेळ औषधाच्या गुंगीत कुठल्यातरी कपाटात लपलेली असते, शेवटी जिंकल्यासारखं वाटत नाही, या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत. माझं म्हणणं हे की तिसरा भाग नसता तर मी हे पुस्तक भाचीला दिलं नसतं. नष्ट झाला म्हणून सांगितलेला तेरावा डिस्ट्रिक्ट जमिनीखाली जिवंत असतो, बंडखोर तिथे असतात, त्यांची प्रेसिडेंट कॉइन नावाची बाई. तिथे कुणी उपाशी नाही. भिंतीतल्या यंत्रात रोज सकाळी हात घालायचा, ते तुमच्या हातावर जांभळ्या शाईनं दिवसाचं वेळापत्रक छापतं. तुमचं वय, उंची, वजन, काम बघून तुमच्या ताटात किती वाढायचं ते ठरलेलं, त्यापेक्षा कण जास्त नाही, जेवणाच्या हॉलमधून खायचं बाहेर न्यायचं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी म्हटलं, अरे वा, हे तर बरं आहे! सगळ्यांना सारखं. टेसेरा नाही की काही नाही.

आणि मग एक दिवस कॅटनिसला खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत तीच तिघं सापडतात. भिंतीला साखळदंडानं बांधलेली, अंगावर वळ, घाण, अर्धवट कपडे. ऑक्टाव्हियाचं अंग तिनं फॅशन म्हणून हिरवट करून घेतलेलं असतं, ते आता जखमांवर लोंबतंय. गुन्हा काय? पाव चोरला. पहारेकरी सांगतो की आधी समज दिली होती तरी पावाचा तुकडा घेतला. त्यांना मोजून-मापून खायची सवयच नव्हती हो, आयुष्यात कधी पोट रिकामं ठेवलेलं नाही. ओकून परत खाणारी ती माणसं, पावाच्या तुकड्यापायी भिंतीला.

मी भाचीला फोनवर विचारलं, तुला काय वाटलं ते वाचून? ती म्हणाली, आधी बरं वाटलं आत्या, आणि मग बरं वाटलं म्हणून कसंतरीच झालं. एवढं जिला चौदाव्या वर्षी कळतं तिला कुठलं वयाला शोभेल असं पुस्तक देऊ मी, दादा?

कारण हा सीन वाचकालाच पकडतो. त्यांना शिक्षा व्हावी असं आपल्याला वाटत होतं, झाली, तर आता घ्या बघून. कॅटनिसचं पहिलं काम त्यांना सोडवून आईकडे न्यायचं, औषधपाणी करायला. ती ओळखते की ही नुसती शिक्षा नाही, तिलाही दिलेला दम आहे, इथला पावाचा हिशेब कुणाच्या हातात आहे ते बघून ठेव म्हणून. आणि गेल, जो तिच्याबरोबर त्या खोलीत असतो, त्याला कळत नाही हिला या लोकांचं एवढं काय पडलंय. या लोकांनी तुला कापायला पाठवायच्या आधी नटवलं, असं त्याचं म्हणणं. परत तेच. गणित बरोबर. मॅजच्या दारातला गेल आणि साखळदंडासमोरचा गेल यांत काहीच बदललेलं नाही, फक्त आता त्याच्या बाजूला सत्ता आलीये.

टीम गेलवाल्या मुलींनो, मला गेलबद्दल कळकळ आहे, खोटं नाही बोलत. चौदाव्या वर्षापासून जो घरातली पाच तोंडं पोसतोय त्याला राग येणार नाही तर काय. पण राग खरा आहे म्हणून त्यातनं निघेल ते खरंच असेल असं नाही. दुसऱ्या डिस्ट्रिक्टमधल्या डोंगरात शत्रूचं लष्करी ठाणं असतं, पूर्वीची खाणच ती, तेव्हा दरड पाडून आतल्या सगळ्यांना गाडून टाकू हे गेल सुचवतो. ज्याचा बाप कोळशाच्या खाणीत गाडला गेला तो. मग तो आणि बीटी नावाचा इंजिनियर मिळून एक सापळा तयार करतात, आधी एक बॉम्ब, मग माणसं जखमींना उचलायला धावली की दुसरा. कॅटनिस म्हणते याला काही मर्यादा आहे की नाही, तर गेलचं उत्तर असं की आम्ही स्नोच्याच नियमांनी चाललोय.

शेवटी कॅपिटॉलमध्ये स्नोच्या वाड्यासमोर लहान मुलांना कोंडून ढालीसारखं उभं केलेलं असतं. वरून चांदीची छोटी पॅराशूटं उतरतात. मुलं हात वर करून ती पकडतात, अर्थातच, पॅराशूट म्हणजे खाऊ हे सगळ्या देशाला ७५ वर्षांत पाठ झालंय. काही फुटतात. बंडखोरांचे डॉक्टर-नर्स धावतात. त्यांत प्रिम. मग उरलेली फुटतात. एका चिठ्ठीवाली, बहिणीनं मैदानातून वाचवलेली प्रिम आपल्याच बाजूच्या बॉम्बनं जाते, आणि तो गेलचाच होता का हे गेललाही सांगता येत नाही. उपाशी लोकांनी जशा पॅराशूटमधून पाव पाठवला तसल्याच पॅराशूटमधून. लेखिकेनं कुठेही थांबून हे जोडून दाखवलेलं नाही, आणि मला वाटतं बरंच केलं.

बरं, सगळंच चांगलं आहे असं नाही. कॉलिन्सबाईंनी बारावा डिस्ट्रिक्ट अ‍ॅपलेशियात ठेवलाय, नाव घेऊन, म्हणजे वेस्ट व्हर्जिनियाचा वगैरे कोळशाचा पट्टा. तिथला खरा इतिहास या गोष्टीपेक्षा कमी नाही. खाणकंपन्या मजुरांना खऱ्या पैशाऐवजी स्वतःची नाणी-कुपनं द्यायच्या, ती चालणार फक्त कंपनीच्याच दुकानात, म्हणजे टेसेराचा सख्खा भाऊ. आणि ते मजूर गप्प बसले नव्हते, १९२१ मध्ये ब्लेअर माउंटनला सुमारे दहा हजार खाणकामगार बंदुका घेऊन उठले होते युनियनसाठी. पुस्तकातल्या बाराव्या डिस्ट्रिक्टमध्ये यातलं काही नाही. युनियन नाही, हरताळाची आठवण नाही, एखादा जुना खाणवाला पोरांना काही सांगतोय असं नाही. इतर डिस्ट्रिक्टमध्ये उठाव होतात पण ते कॅटनिसला चोरून दिसलेल्या टीव्हीच्या क्लिपमधून नाहीतर ऐकीव कळतात, कारण सगळी गोष्ट तिच्याच तोंडून आहे. म्हणून शेवटी असं वाटत राहतं की क्रांतीला टीव्हीवरचा एक चांगला चेहरा मिळाला की झालं. पुस्तक या गोष्टीची टर उडवतं हे खरं, पण स्वतःही त्याच्यावरच चालतं. हे मला खटकतं, आणि पीटा-गेल-पीटा-गेल यात जी पानं जातात तीही.

आणि बाजारानं तर कहरच केला. २०१३ ला दुसरा पिक्चर आला तेव्हा सबवेनं त्याच्या नावानं सँडविच विकली, भुकेच्या गोष्टीची जाहिरात सँडविचनं, आणि कव्हरगर्लनं कॅपिटॉल स्टाइल मेकअपचं कलेक्शन काढलं. म्हणजे ऑक्टाव्हिया वापरायची तसलं! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणीतरी गंमत करतंय असं वाटलं होतं.

तरी पुस्तकातलं काय कुणाच्या हाती लागेल याचा भरवसा नाही. रू मेल्यावर आणि त्याआधी कॅटनिस पुढे आली तेव्हा जो तीन बोटांचा सलाम आहे, तो बाराव्या डिस्ट्रिक्टमध्ये मुळात अंत्यविधीचा, आपल्या माणसाला निरोप द्यायचा. थायलंडमध्ये मे २०१४ ला लष्करानं सत्ता घेतली तेव्हा तिथली तरुण पोरं रस्त्यावर तो करायला लागली, लष्करानं त्यावर बंदी आणली, नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान प्रयुत यांच्या भाषणात पाच विद्यार्थ्यांनी उभं राहून तो केला म्हणून त्यांना पकडून नेलं. २०२१ ला म्यानमारमध्ये परत तेच. सँडविचही त्याच पिक्चरमधून निघालं आणि हेही त्याच पिक्चरमधून, आता मी कुठलं एक खरं मानू.

भाची आता शेवटाजवळ आलीये. परवा रात्री साडेदहाला तिचा फोन, आवाज चढलेला. स्नो पकडला गेलाय, बंडखोर जिंकलेत, आणि कॉइन आजवर हा खेळ जिंकलेल्यांपैकी जिवंत उरलेल्या सात जणांना बोलावून विचारते की कॅपिटॉलच्या मुलांचा एक शेवटचा हंगर गेम घ्यायचा का, मत द्या. पीटा नाही म्हणतो, अ‍ॅनी नाही, बीटी नाही. जोहाना हो, एनोबेरिया हो. आणि कॅटनिस, प्रिमसाठी, हो म्हणते. "आत्या, ती हो कशी म्हणू शकते? तिनंच? मी पुस्तक आपटलं." लोक म्हणतात कॅटनिस तेव्हा कॉइनला फसवत असते, जवळ जायला मिळावं म्हणून, आणि पुढे ती बाण स्नोवर न सोडता कॉइनवर सोडते त्यावरून तसं म्हणता येतं. मला ते इतकं सरळ वाटत नाही. बहीण जाऊन काही आठवडे झालेत तिची, आणि तो हो थोडासा खराही असणार, बाणाइतकाच. त्या दिवशी तिला तयार करायला कोण असतं माहितीये? तीच तिघं. ती वाचलेली असतात.

यातलं मी भाचीला काही सांगितलं नाही. मागून दादाचा आवाज येत होता, झोप आता, उद्या शाळा आहे. तिची अजून दहा-पंधरा पानं राहिली होती.